तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं

आमच्या नात्यागोत्यात सगळे असं धरून चालतात की माझ्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्या इटालियन सासूनं माझ्या बायकोला बोलावलं नाही. हे साफ खोटं आहे. बोलावलं होतं. चांगलं दोन्ही हात हलवून, आवाज चढवून बोलावलं होतं. मध्ये मी होतो.

सातपूरपासून सटाण्यापर्यंत ज्या ज्या घरांत त्या बाईंना माणूसघाणी म्हटलं गेलं, ती सगळी घरं मला माहीत आहेत. कारण त्यांतल्या बऱ्याच घरांत मी समोर बसून चहा पीत होतो आणि बशीत बघत होतो. आता घरातल्यांना सगळं कळलं आहे, पण नातेवाइकांना एकेकाला गाठून सांगण्याचा मला धीर नाही. म्हणून लिहितो.

आधी माझा धंदा सांगायला हवा. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, पण तो धंदा नव्हे. माझा खरा धंदा लग्नाच्या बैठकीतला. आमच्याकडे बोलणी करताना मुलीकडचे एका खोलीत बसतात आणि मुलाकडचे दुसऱ्या. मधून ये-जा करायला एक माणूस लागतो. तो माणूस मी. "मामांना बोलवा, मामा जमवतील," असं म्हणून मला लांब लांब न्यायचे. जमवायचं म्हणजे काय, तर एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत नेताना वाटेत त्याचे काटे काढायचे. मुलाचा काका गरजायचा, "आमचा एक माणूस जरी पंगतीला ताटकळला तर आम्ही सगळे उठून जाऊ!" मी पलीकडे जाऊन सांगायचो, "पाहुण्यांना तुमच्या जेवणाची फार ओढ आहे." मुलीचा बाप म्हणायचा, "त्यांच्या बँडवाल्याला आमच्या दारात पाय ठेवू देणार नाही." मी सांगायचो, "त्यांच्या घरात एक आजारी माणूस आहे हो, वाजंत्री जरा लांबून वाजली तर उपकार होतील." लग्नं लागली. त्यांतली बरीच टिकली. त्यामुळे काटे काढणं हे पुण्याचं काम आहे, अशी माझी पक्की समजूत झाली.

माझी बायको बागलाणातली. तिच्या बोलण्यात काटे नसतात, सरळ बाभळच असते. घरात ती आमच्यासारखं बोलते, पण राग आला किंवा प्रेम आलं की अहिराणीवर जाते, आणि त्या दोन्हींत फरक ओळखायला मला बरीच वर्षं लागली. पाहुणा आला की "बठ." ताट वाढलं की "खाय." विनंती नावाचा प्रकार तिच्याकडे नाही.

आमची लेक गंगापूर धरणाच्या पुढे एका वाइनच्या कारखान्यात कामाला होती. तिथे दर वर्षी द्राक्षांच्या हंगामात इटलीहून एक तज्ज्ञ मुलगा यायचा. पुढे तो हंगाम नसतानाही येऊ लागला, तेव्हा आम्हाला कळायचं ते कळलं.

जावई मराठी शिकला तो मळ्यातल्या मजुरांकडून. त्यामुळे त्याच्याकडे एकच क्रियापद होतं, ते म्हणजे 'पाहिजे'. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणायचा, "आई, पोळी पाहिजे." माझ्या बायकोला ते भयंकर आवडायचं. मला मात्र लाज वाटायची. एका संध्याकाळी त्याला गच्चीवर बसवून मी शिकवलं, की सभ्य माणूस 'पोळी हवी होती' असं म्हणतो.

तो विचारात पडला. "होती म्हणजे आता नको?"

"नको कशी? आत्ताच हवी आहे."

"मग होती का?"

"अरे, मागणं जरा मागे सरकवायचं. म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते."

तो उठून उभाच राहिला. म्हणाला, आमच्याकडे हेच आहे! आणि त्यानं मला त्याच्या भाषेतलं ते रूप शिकवलं. 'व्होल्यो' म्हणजे 'मला पाहिजे'. हे लहान मुलांनी आणि हुकूमशहांनी म्हणायचं. मोठ्या माणसानं दुकानात जाऊन म्हणायचं 'व्होर्रेइ'. शब्दशः अर्थ लावला तर 'मला हवं असतं'.

"असतं म्हणजे कधी?" आता विचारण्याची पाळी माझी होती.

"कधी नाही. आत्ताच. कॉफी हवी असती, म्हणजे द्या. पण नाही दिली तरी भांडण नाही."

दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं तर 'व्होर्रेब्बे', म्हणजे 'त्यांना हवं असतं'. शिवाय, जावई म्हणाला, आमचे पेपरवाले अफवासुद्धा याच धाटणीच्या रूपात छापतात. मंत्र्यानं राजीनामा दिला असता म्हणे, अशा थाटात. बातमी द्यायची, पण जबाबदारी घ्यायची नाही.

मी थक्क झालो. आयुष्यभर दोन खोल्यांमध्ये मी जे घाम गाळून करत होतो, ते या लोकांनी क्रियापदाच्या शेपटीत बसवून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी इटालियनच्या मागे लागलो. मोबाइलवर धडे घेतले, जावयाला पिडलं, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालताना क्रियापदं चालवली. बरोबरच्या मंडळींना वाटायचं मी कसलातरी जप करतोय.

लग्न नाशकातच झालं. विहीणबाई आल्या, गर्दीत भांबावल्या आणि चार दिवसांत परत गेल्या. वर्षभरानं लेक-जावईही तिकडे राहायला गेले. मग दर रविवारी दोन विहिणींचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. मुलं दुसऱ्या गावी, कामात. दुभाष्या मी.

विहीणबाई म्हणजे डोंगरातल्या एका गावच्या, रुंद खांद्यांच्या, मोठ्या आवाजाच्या. बोलायला लागल्या की पडद्यावर आधी हात दिसायचे आणि मग बाई. पहिल्या रविवारी माझी बायको म्हणाली, "त्यांना विचारा, पोराला लहानपणी खायला घालत नव्हत्या का? नुसता काटकुळा झालाय."

मी इटालियनमध्ये सांगितलं, "तुमच्या मुलाला लहानपणी काय आवडायचं, हे जाणून घेणं माझ्या पत्नीला आवडलं असतं."

विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बायकोला सांगा, ते आंब्याचं जे काही पाठवलंय त्यानं माझ्या पोटात आग पडली. आता पुरे!"

मी म्हटलं, "लोणचं अंगाला लागलं म्हणतात."

बायकोनं पुढच्या खेपेला मोठी बरणी पाठवली. त्याच्या पुढच्या खेपेला दोन.

असं चाललं होतं, आणि छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. कॉल संपल्यावर बायको म्हणायची, "बाई चांगली आहे हो, पण अगदीच मिळमिळीत. सारखं आपलं 'आवडलं असतं, बरं झालं असतं'. हिचं घरात कोण ऐकत असेल?" आणि विहीणबाईंनीही मुलाला विचारलं होतं, की तुझी सासू एवढी घाबरट का आहे. ज्यांच्या एका आरोळीनं गल्ली रिकामी झाली असती अशा दोन बायकांना मी एकमेकींपुढे साखरेच्या बाहुल्या करून ठेवलं होतं.

मग लेकीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं. पण लेकीचे डॉक्टर तिकडचे, आणि तिला विमानप्रवास नको म्हणाले. दिवस भरत आले तेव्हा जावयाचा द्राक्षांचा हंगाम, म्हणून ती सासूकडे राहायला गेली. बायकोनं डिंकाचे लाडू करायला घेतले. खारीक फोडली, खोबरं किसलं, डिंक तळला. लाडूंचे डबे भरून तयार झाले. ती जायला एका पायावर तयार होती, पण एक अडचण होती. लेकीच्या सासरी तिथल्या बाईनं 'या' म्हटल्याशिवाय जायचं नसतं. लेकीनं म्हटलेलं चालत नाही. लेक फोनवर वैतागायची, "अगं आई, इथे असं काही नसतं, ये सरळ!" बायको म्हणायची, "तुझं घर असतं तर आले असते. घर त्यांचं. त्या म्हणाल्या की येते."

तिला बोलवा म्हणून मी सुचवायचं आणि त्यांनी बोलवायचं, एवढंच बाकी होतं.

इथे माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी तोपर्यंत मी कोणालाच सांगितली नव्हती. मला विमानाची भीती वाटते. साधीसुधी नाही. उभा जन्म पाटाच्या पाण्याबरोबर गेला. पाणी वरून खाली येतं, एवढं मला समजतं. माणसानं लोखंडात बसून खालून वर जावं, हे मला कधी पटलं नाही. दिल्लीला पुतण्याच्या लग्नाला सगळे विमानानं गेले तेव्हा मी मनमाडहून रेल्वे पकडली आणि "रेल्वेत देश दिसतो" असं सांगितलं. त्या वाक्याबद्दल लोकांनी मला मानही दिला. पण इटलीला मनमाडहून गाडी नाही. आणि बायको गेली तर दुभाष्या म्हणून मला जावं लागणार, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. "तुम्ही नसाल तर मी त्यांच्याशी बोलू काय, डोंबल?" बायको म्हणायची.

तो रविवार मला स्वच्छ आठवतो. बायको काठापदराची साडी नेसून मोबाइलसमोर बसली होती, आणि तिकडे लेक पाय मोकळे करायला बाहेर गेली होती. मी विहीणबाईंना म्हटलं, "माझ्या पत्नीला यायला आवडलं असतं, तुम्हाला त्रास होणार नसेल तर."

विहीणबाई उसळल्याच. "त्रास? कसला त्रास? ला व्होल्यो क्वी!" म्हणजे, ती मला इथे पाहिजे! 'व्होर्रेइ' नाही. सरळ 'व्होल्यो', जावई पोळी मागायचा तसं. "खोली तयार आहे. मला बाळाचं काही आठवत नाही आता, पस्तीस वर्षं झाली. तिला म्हणावं उद्या निघ!"

बायकोनं विचारलं, "काय म्हणतात?"

मला समोर विमान दिसलं. आणि इतक्या वर्षांची सवय मदतीला धावून आली. मी काटे काढले. फक्त या वेळी त्या बोलण्यात काटे नव्हते, तर मी दुसरंच काहीतरी काढून घेतलं.

मी म्हटलं, "त्या म्हणतात, तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं."

मराठी माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दार इतकं हळू लावलंय की कडीचा आवाज येऊ नये. पडद्याकडे बघून बायकोनं हात जोडले, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. विहीणबाईंनी विचारलं, "कधी येते?" मी सांगितलं, "तिची तब्येत बरी नसते." बायकोनं लेकीला कळवलं, "मला प्रवास झेपायचा नाही." अभिमान तिचा, त्यामुळे खरं कारण लेकीलाही सांगितलं नाही. माझं खोटं तिनंच झाकलं.

नात झाली. डिंकाचे लाडू मी खाल्ले. ते टाकवत नव्हते आणि बायको हात लावत नव्हती. बाळंत न झालेला माणूस रोज सकाळी डिंकाचा लाडू खाऊ लागला की काय होतं, हे माझ्या पँटच्या कमरेनं त्या हिवाळ्यात पाहिलं. प्रत्येक घासाला वाटायचं की सांगावं. घास गिळला की वाटायचं, उद्या.

त्यानंतर लोणचं बंद झालं. रविवारचे कॉल पाच मिनिटांवर आले. बायको शेजारणींना सांगायची, "लेकीचं बाळंतपण मला करू दिलं नाही हो." शेजारणी हळहळायच्या. मी बशीत बघायचो.

आणि या वर्षी थंडीत ते सगळे नाशकात आले. लेक, जावई, तीन वर्षांची नात आणि विहीणबाई. बायकोनं आधीच बजावलं होतं, "घरी आलेल्या माणसाला मी 'या' म्हणते. मी त्यांच्यासारखी नाही." त्या येईपर्यंत मी सांगून टाकायचं ठरवलं होतं. भाजीबाजारात सांगणार होतो, तिथे मेथीची जुडी स्वस्त निघाली आणि बायको खूश झाली, म्हणून राहू दिलं. स्कूटरवर सांगणार होतो, पण ती मागे बसते आणि माझ्या पाठीला तिचा हात लागतो. मग दारात गाडीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं नातीला घेऊन जुन्या कारखान्यातल्या मित्रांकडे गेली. घरात आम्ही तिघं. जेवणाचं टेबल. बायको वाढत होती, अगदी व्यवस्थित, अगदी गप्प. विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "ही तर चांगली ठणठणीत दिसते. हिला विचारा, मग आली का नाही?"

मी पाणी प्यायलो.

"विचारा!"

काटे काढायला काही उरलंच नव्हतं. मी पहिल्यांदाच जसंच्या तसं सांगितलं. "त्या विचारतात, तू बाळंतपणाला का आली नाहीस?"

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. "मी? त्यांनी बोलावलं कुठे?"

मी ते इटालियनमध्ये सांगितलं.

विहीणबाई टेबलावर हात आपटून काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" बायको.

"म्हणतात, बोलावलं होतं."

"कोणाला सांगितलं?"

मी विचारलं. विहीणबाईंनी बोट केलं. बायकोनं बोटाच्या दिशेनं बघितलं. त्या दिशेला मी होतो आणि माझ्यामागे फ्रिज होता.

"म्हणतात, ह्याला सांगितलं होतं."

"ह्याला म्हणजे?"

"मला."

दुभाष्याला स्वतःच्या खटल्यात दोन्हीकडचे वकील व्हावं लागतं, तेव्हा काय होतं ते मी अनुभवलं. मी विमानाचं सांगितलं. दोन भाषांत सांगितलं. इटालियनमध्ये ते जास्त वाईट ऐकू आलं. विहीणबाईंनी एक शब्द उच्चारला.

"काय म्हणाल्या?"

"मी गाढव आहे म्हणाल्या."

"त्यांना सांगा, मला माहीत आहे."

सांगितलं. विहीणबाईंनी मान डोलावली. तोवर मला वाटलं, सुटलो. पण बायको खुर्चीत बसली. ती पंगतीत कधी बसत नाही. "विमानाले घाबरनात?" ती अहिराणीत म्हणाली. मी हो म्हटलं. "मंग तसं सांगानं. मी एकली गयी असती." पुढचं ती साध्या मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळाला पहिली अंघोळ मला घालायची होती."

"काय म्हणते?" विहीणबाईंनी विचारलं. आवाज खाली आला होता.

मी शब्द शोधले. जावयानं शिकवलेलं त्या क्रियापदाचं आणखी एक रूप मला येत होतं, पण ते मी कधी वापरलं नव्हतं. 'आव्रेब्बे व्होलुतो'. तिला हवं होतं, आणि आता ते कधीच होणार नाही, असं सांगायचं असेल तेव्हाचं. त्यात सभ्यपणा नाही. नुसती गेलेली गोष्ट आहे. ते मी म्हटलं.

विहीणबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून बायकोपाशी गेल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. त्या पडल्या नाहीत. त्यांनी फडताळाकडे बोट केलं आणि मुलानं शिकवलेले दोनच मराठी शब्द खणखणीत आवाजात वापरले.

"लोणचं पाहिजे!"

"काय?" बायको माझ्याकडे वळली.

विहीणबाई भडाभडा बोलल्या, आणि मी एकही शब्द न गाळता सांगितलं. पहिल्या बरणीनं पोटात आग पडली होती. पुरे, असं त्यांनी सांगितलंही होतं. तरी बरण्या येत राहिल्या. मग त्या घरच्या चीजबरोबर थोडं थोडं खायला लागल्या, आणि जेव्हा त्याशिवाय घास जाईना तेव्हा बरण्या बंद झाल्या.

"पुरे म्हणाल्या होत्या?" बायकोनं मला विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही?"

"अंगाला लागलं म्हणालो."

बायकोचं तोंड हललं. मग खांदे हलले. ती हसत होती, पण माझ्याबरोबर नाही. तिनं बरणी काढली, विहीणबाईंच्या ताटात भली मोठी फोड टाकली आणि म्हणाली, "खाय." विहीणबाई म्हणाल्या, "मांजा." म्हणजे तू पण खा. खुर्ची ओढून म्हणाल्या, "सिएदिती." बायको म्हणाली, "तू बी बठ." त्यापुढे कोणी माझ्याकडे वळून 'काय म्हणते' असं विचारलं नाही. संध्याकाळी मुलं परत आली तेव्हा दोघी ओट्याशी उभ्या राहून एकमेकींना हुकूम सोडत होत्या, आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून बसलो होतो.

लेकीला सगळं कळलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, की तिला पुन्हा दिवस गेले आहेत.

बायको आता तिकडेच आहे. विमानात एकटी बसली, खिडकीजवळ बसली, आणि ढग वरून अगदी पिंजलेल्या कापसासारखे दिसतात असं तिनं मला मुद्दाम कळवलं. लाडूंचे डबे मोजून नेले नाहीत, सगळेच नेले. गेल्या आठवड्यात नातू झाला. पहिली अंघोळ तिनं घातली. विहीणबाई शेजारी तांब्या घेऊन उभ्या होत्या, असं जावयानं पाठवलेल्या फोटोत दिसतं. म्हणजे तांब्या नाही, कॉफीचं भांडं आहे, पण काम तेच.

मी चहा स्वतः करतो. तो बरा होत नाही. घर फार मोठं झालं आहे. काल रविवार, कॉल लावला. पडद्यावर दोघी होत्या आणि मांडीवर बाळ. मी विहीणबाईंना माझ्या तोंडून निघालेल्या सगळ्यांत शुद्ध इटालियनमध्ये म्हटलं, "मला यायला आवडलं असतं." आणि ते पुरेसं वाटेना म्हणून पुन्हा म्हटलं, "व्होल्यो. यायचंय मला. विमानानं."

विहीणबाई जोरजोरात बोलायला लागल्या. मला प्रत्येक शब्द समजला. ये, गाढवा, ये, खोली तयार आहे, डोळे मिटून बस, झोपेची गोळी घे, पण ये.

पण बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला, मोबाइल स्वतःकडे वळवला आणि माझ्याकडे अगदी गोड चेहऱ्यानं बघितलं.

"त्या म्हणतात," ती म्हणाली, "तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं."

दुभाष्याला मध्येच तोडू नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. मी हात जोडले. मग ती बाळाकडे वाकली, आणि फोन बंद करता करता अहिराणीत पुटपुटली, "पासपोर्ट काढी ठेवा."